आवाजाच्या पायऱ्या

टोरंटोत कार्लटन आणि चर्च या रस्त्यांच्या कोपऱ्यावर लॉब्लॉजचं एक प्रशस्त सुपरमार्केट आहे. आत २५ नंबरच्या रांगेत जमिनीवर एक लाल ठिपका रंगवलेला दिसतो. बहुतेक गिऱ्हाइकं त्यावरून ढकलगाडी नेतात आणि पुढे जातात. एखादा साठी-सत्तरीचा माणूस मात्र तिथे थबकतो, नातवंडाला त्या ठिपक्यावर उभं करतो आणि फोटो काढतो. ही इमारत म्हणजे मेपल लीफ गार्डन्स. १९३१ पासून १९९९ पर्यंत टोरंटोचा आइस हॉकी संघ इथल्या बर्फावर खेळायचा आणि त्या बर्फाचा मध्यबिंदू नेमका इथे होता.

फोटो काढणारे खाली बघतात. मी तिथे गेलो की वर बघतो. छताखाली, बर्फापासून ५६ फूट उंचीवर, एक लांबट पेटीवजा खोली टांगलेली असायची. तिला गोंडोला म्हणत. अरुंद लोखंडी वाटेवरून जीव मुठीत धरून तिथे पोचायचं आणि खालच्या माणसांच्या मुंग्यांमधून कोण कुणाला पक देतोय ते ओळखून सगळ्या देशाला सांगायचं, हे काम फॉस्टर ह्युइट यांचं. कॅनडातल्या हॉकी समालोचनाची परंपरा त्यांच्यापासून मोजतात. १९२३ साली ‘टोरंटो स्टार’ या वृत्तपत्राच्या रेडिओ केंद्रासाठी त्यांनी पहिल्यांदा सामना सांगितला तेव्हा हातात चक्क टेलिफोन होता आणि बसायला काचेचं एक खुराडं. श्वासानं काच धुकटायची, ती पुसत पुसत ते बोलत राहिले.

तो गोंडोला १९७९ मध्ये पाडला. मालकांना तिथे श्रीमंत प्रेक्षकांसाठी खासगी कक्ष हवे होते. जपून ठेवण्याजोगी ही वस्तू भट्टीत गेली. आज कुणी असं केलं तर निदान निषेधाची पत्रकं तरी निघतील.

ह्युइट शनिवारच्या प्रक्षेपणाची सुरुवात ठरलेल्या अभिवादनानं करायचे: कॅनडा, अमेरिकेतले आणि न्यूफाउंडलंडमधले हॉकीप्रेमी, नमस्कार. न्यूफाउंडलंडचं नाव वेगळं घ्यावं लागे, कारण १९४९ पर्यंत ते कॅनडात नव्हतंच. त्या वेगळ्या नावाच्या बेटावर, सेंट जॉन्स या बंदराच्या गावात, १९३३ साली बॉब कोल जन्मले. लहानपणी गुडघ्याच्या दुखण्यानं अंथरुणात पडून राहावं लागलं, तेव्हा उशाशी रेडिओ होता आणि रेडिओत ह्युइट. हजारो मुलांनी तो आवाज ऐकला असेल. या मुलाला मात्र बोलणाऱ्याची जागा हवी होती.

गावातल्या व्हीओसीएम या रेडिओ केंद्रावर कोल नोकरीला लागले आणि १९५६ मध्ये आपल्या समालोचनाची एक टेप घेऊन थेट टोरंटोत ह्युइट यांच्या केंद्रावर धडकले. ना ओळख, ना शिफारस. टेप ठेवून परत फिरावं एवढीच अपेक्षा होती. ह्युइट यांनी त्यांना आत बोलावलं, टेप ऐकली आणि वेळ घेऊन समजावलं. त्या शिकवणीचा गाभा एकच होता: आवाजाला पायऱ्या हव्यात. मधल्या पट्ट्यात पक इकडून तिकडे चाललाय तेव्हा एक पट्टी, प्रतिस्पर्ध्याची निळी रेघ ओलांडली की त्याच्यावरची, गोलसमोर गर्दी झाली की आणखी वरची. सगळ्यात वरची राखून ठेवायची. ख्याल गाणारा तार षड्ज जसा राखून ठेवतो, तशी.

हे वाचायला सोपं वाटतं. पण आइस हॉकीचा वेग लक्षात घ्या. पक म्हणजे रबराची तीन इंच रुंद आणि एक इंच जाड चकती. ती ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. बर्फाचा आखाडा दोनशे फूट लांब, पंचाऐंशी फूट रुंद. एका बाजूचे सहा खेळाडू, आणि त्यातले पुढचे पाच दर पाऊण मिनिटाला, खेळ चालू असतानाच, कठड्यावरून उड्या मारून बदलतात. क्रिकेटच्या समालोचकाला दोन चेंडूंच्या मध्ये कबुतरांबद्दल बोलायला, चहा प्यायला, गेल्या दौऱ्याची आठवण सांगायला वेळ असतो. इथे दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायचीही पंचाईत. अशा खेळात आवाज आपोआप चढतो आणि चढलेला राहतो. खाली येणं हीच कसरत असते.

कोल ती कसरत आयुष्यभर करत राहिले. २४ एप्रिल १९६९ रोजी बॉस्टनमध्ये त्यांनी देशभराच्या रेडिओवर पहिला सामना सांगितला. मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिव्हो यांनी दुसऱ्या जादा वेळेत गोल करून मालिका संपवली. पदार्पणासाठी याहून कठीण परीक्षा कुणी मुद्दाम आखली नसती. १९७२ मध्ये मॉस्कोत कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातला आठवा आणि निर्णायक सामना झाला. शेवटची ३४ सेकंदं उरली असताना पॉल हेंडरसन यांनी गोल केला. टेलिव्हिजनवर त्या क्षणी ह्युइट होते, निवृत्तीतून मुद्दाम बोलावलेले. रेडिओवर होते कोल. देशाच्या स्मरणात ह्युइट यांचंच वाक्य कोरलं गेलं. गुरू आणि शिष्य एकाच गोलवर, एकाच छपराखाली, दोन माध्यमांत बोलत होते, ही गोष्ट मला त्या गोलपेक्षाही आवडते.

मग १९७६. फिलाडेल्फियात सोव्हिएत सैन्यदलाचा संघ आला होता. तिथल्या फ्लायर्स संघाच्या धसमुसळ्या खेळानं सोव्हिएत खेळाडू खारलामोव्ह बर्फावर कोसळला, प्रशिक्षक भडकले आणि सगळा संघ मैदान सोडून निघाला. समालोचकासमोर आता खेळच नव्हता. कोल यांनी शीतयुद्धावर भाष्य केलं नाही, नियमांची चर्चा केली नाही. ‘घरी चाललेत! ते घरी चाललेत!’ एवढंच ते म्हणत राहिले, आवाजात अचंबा आणि थोडी गंमतही. थोड्या वेळानं सोव्हिएत खेळाडू परतले आणि ४-१ असे हरले. तो स्कोअर आज बघावा लागतो. ते वाक्य कॅनडातल्या माझ्या पिढीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी टोरंटोला आलो, तेव्हा हॉकी म्हणजे ध्यानचंद एवढंच मला ठाऊक होतं. शनिवारी रात्री आमच्या इमारतीतल्या प्रत्येक दारामागून एकच आवाज यायचा. सीबीसी वाहिनीवरचा ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ हा कार्यक्रम १९५२ पासून टेलिव्हिजनवर होता आणि शनिवारची रात्र त्यानं बळकावली होती. जुन्या संचावर पक मला दिसायचाच नाही. ऑफसाइड म्हणजे काय, आइसिंग म्हणजे काय, कुणाला विचारायची लाज वाटायची. पण कोल यांच्या आवाजावरून ताटावरची मान कधी वर करायची ते बरोबर कळायचं. पहिल्या पायरीवर भाताचा घास, दुसरीवर नजर पडद्याकडे, तिसरीवर हात ताटातच थांबलेला. नियम मी पुष्कळ नंतर शिकलो. खेळ त्याआधीच कळू लागला होता.

आमच्या घरी याची सवय होती म्हणा. वडील बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन आकाशवाणीवर ऐकायचे, तेव्हा क्षेत्ररक्षकांची नावं पाठ नसलेल्या आजीलाही गडी बाद झाल्याचं स्वयंपाकघरात समजायचं.

मराठी मंडळाचे कार्यक्रमही शनिवारीच. भाड्याच्या सभागृहात नाट्यगीतं चालू असताना कोटांच्या खोलीत तीन-चार बापे ट्रान्झिस्टरला कान लावून उभे, आणि त्यांच्या मांडीएवढी पोरं त्यांना ऑफसाइड समजावून सांगतायत. इथे जन्मलेल्या मुलांना तो आवाज कानांवर पडतच मोठं व्हायचं होतं. आम्ही तो वयाच्या तिशीत उचलला.

एक गोष्ट मला फार नंतर समजली आणि उगाच जवळीक वाटली. न्यूफाउंडलंडचं घड्याळ भारतासारखंच अर्ध्या तासाच्या हिशेबानं चालतं. टोरंटोत आठ वाजले की सेंट जॉन्समध्ये साडेनऊ. सीबीसीच्या जाहिरातींत ‘न्यूफाउंडलंडमध्ये अर्ध्या तासानं’ हे शेपूट ठरलेलंच असायचं आणि त्यावर विनोद व्हायचे. देशातला सगळ्यात ओळखीचा आवाज झाल्यावरही कोल त्या अर्ध्या तासाच्या गावातून हलले नाहीत. सामन्यासाठी विमानानं यायचे, सामना सांगायचे, परत जायचे. गावात ते कर्लिंगपटू म्हणूनही नाव कमावून होते; न्यूफाउंडलंडतर्फे राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा उतरले होते.

ऐंशीच्या दशकापासून पुढची बरीच वर्षं त्यांच्या शेजारी हॅरी नील असायचे. नील पूर्वीचे प्रशिक्षक, तिरकस आणि हजरजबाबी. खेळ चालू असताना कोल, थांबल्यावर नील, अशी वाटणी. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यावर चढायचं नाही. आणि गोल झाल्यावर कधी कधी दोघंही गप्प. स्टेडियमचा गलका पाच-सात सेकंदं तसाच घरात येऊ द्यायचा. आताच्या प्रक्षेपणात पाच सेकंदं कुणी बोललं नाही तर मला वाटतं घरातला आवाज गेला, आणि मी रिमोट शोधू लागतो.

हा फरक माणसांमुळे पडला असं मी म्हणणार नाही. आताचे समालोचक तयारीत कोल यांच्यापेक्षा काकणभर सरसच असतील. फरक पडला तो पडद्यामुळे. जुन्या संचावर स्कोअर आणि वेळ सतत दिसत नसे, ती समालोचकानंच सांगायची. कोण जिंकतंय यासाठी घर त्याच्या तोंडाकडे बघायचं. आता वरच्या कोपऱ्यात स्कोअर, वेळ, फटक्यांची संख्या, कोण किती मिनिटं शिक्षेच्या बाकावर, सगळं हजर. समालोचकाकडे उरलं ते भावनेचं काम, आणि तेच एक काम उरलं की माणूस ते जास्त करतो. मधल्या पट्ट्यातला साधा पासही आज वरच्या पट्टीत ऐकू येतो. मग खरा गोल झाल्यावर जायचं कुठे?

त्यात पैशाचं गणित. रॉजर्स कंपनीनं २०१३ मध्ये एनएचएल या हॉकी लीगचे १२ वर्षांचे प्रक्षेपण हक्क ५.२ अब्ज डॉलरना घेतले आणि पुढच्या १२ वर्षांसाठी ११ अब्जांचा करार केला. एवढी रक्कम वसूल करायची तर मोकळा सेकंद परवडत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एकेका सामन्यावर पैजा लावणं कायदेशीर झालं, आणि पुढच्या वर्षी ऑन्टारियोत खासगी कंपन्या बाजारात उतरल्या. तेव्हापासून मध्यंतरात पैजेचे भाव सांगतात, त्याच सुरात ज्या सुरात पूर्वी जखमी खेळाडूची खबर सांगायचे. माझा राग इथे आहे, आणि तो वयाचा राग नाही असं मला वाटतं.

पण जुना काळ जाहिरातींशिवाय होता असंही कुणी सांगू नये. सामन्यानंतर तीन उत्कृष्ट खेळाडू निवडायची जी ‘थ्री स्टार्स’ची प्रथा सगळे हॉकीची पवित्र परंपरा मानतात, ती तीसच्या दशकात इंपीरियल ऑइल कंपनीच्या ‘थ्री स्टार’ पेट्रोलच्या जाहिरातीसाठी निघाली. प्रेक्षक तिकीट काढून आले नाहीत तर काय, या भीतीनं सुरुवातीची कित्येक वर्षं टेलिव्हिजनवर सामना मध्येच सुरू व्हायचा. तेव्हाही गल्ला सांभाळला जात होताच.

सामना आता कुठे दाखवतात तेही शोधावं लागतं. शनिवारचा एका ठिकाणी, सोमवारचा ॲमेझॉनवर, आपल्या संघाचा तिसऱ्याच वाहिनीवर, आणि आपण दुसऱ्या प्रांतात असू तर तो बंद. १९६८ मध्ये डोलोरेस क्लेमन यांनी रचलेली ‘हॉकी नाइट’ची शीर्षकधून २००८ साली सीबीसीच्या हातून गेली आणि दुसऱ्या वाहिनीनं विकत घेतली. दुसरं राष्ट्रगीत म्हणतात त्या धुनेला. राष्ट्रगीत विकलं जाताना मी प्रथमच पाहिलं.

त्याच सुमारास कोल यांचं स्थानही खाली सरकलं. मुख्य समालोचकाची खुर्ची जिम ह्यूसन यांच्याकडे गेली आणि एनएचएलच्या विजेतेपदाची, म्हणजे स्टॅनली कपची, अंतिम मालिका कोल यांच्याकडून सुटली. पुढे सामने कमी होत गेले. यात अन्याय होता असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही, किंवा पूर्णपणे नाही. उत्तरार्धात ते नावं चुकवायचे, एकाचा गोल दुसऱ्याच्या नावावर लावायचे. पण पक आत गेलाय की नाही, आणि त्या गोलचं वजन किती, हे त्यांच्या आवाजावरून कधी चुकीचं कळलं नाही. २००२ च्या ऑलिंपिकमध्ये, सॉल्ट लेक सिटीत, कॅनडाच्या पुरुषांनी ५० वर्षांनी सुवर्ण जिंकलं तो सामना आठवतो. जो सॅकिकनं ५-२ केलं तेव्हा कोल यांचा आवाज शेवटच्या पायरीला पोचला, आणि लगेच, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखं, ते म्हणाले की आता तरी झालंच असणार. अमेरिकेविरुद्ध, अमेरिकेत, एवढ्या वर्षांनी, आणि तरी ‘असणार’. न्यूफाउंडलंडच्या दर्याकाठची माणसं किनाऱ्याला पाय लागेपर्यंत पोचलो म्हणत नाहीत, त्याचाच हा भाग असावा.

जुन्या दिवसांची तक्रार न करता सांगण्यासारखी एक गोष्ट आहे: तो एकच आवाज होता, आणि तो नेहमी एकाच प्रकारच्या माणसाचा असायचा. बाई, पगडीवाला, मूळ रहिवासी, यांपैकी कुणी त्या खोलीपर्यंत पोचत नसे. २००६ च्या एका शनिवारी बर्फामुळे हॅरी नील घरीच अडकले आणि माजी ऑलिंपिकपटू कॅसी कॅम्पबेल यांना ऐन वेळी कोल यांच्या शेजारी बसवलं. ‘हॉकी नाइट’मध्ये विश्लेषकाच्या खुर्चीत बसलेली ती पहिली बाई. २०१९ मध्ये क्री भाषेत एनएचएलचा सामना झाला. २०२० मध्ये लीआ हेक्स्टॉल यांनी कॅनडातल्या राष्ट्रीय वाहिनीवर मुख्य समालोचन केलं.

आणि पंजाबी. २००८ पासून ‘हॉकी नाइट’ पंजाबीत होतो. हरनारायण सिंग आल्बर्टातल्या ब्रुक्स या छोट्या गावात वाढले. सुरुवातीला दर आठवड्याला कॅलगरीहून विमानानं टोरंटोला यायचे आणि समालोचन करून परत जायचे. २०१६ च्या अंतिम मालिकेत पिट्सबर्गच्या निक बोनिनोनं गोल केला तेव्हा त्यांनी त्याचं आडनाव इतक्यांदा, इतक्या वेगानं आणि इतक्या वरच्या सुरात म्हटलं की ती चित्रफीत पंजाबीचा गंध नसलेल्या अमेरिकेतही गाजली आणि पिट्सबर्गनं या पंजाबी समालोचकांना विजय मिरवणुकीला बोलावलं. २०२१ मध्ये हरनारायण इंग्रजीतून राष्ट्रीय वाहिनीवर सामना सांगू लागले. ब्रॅम्प्टनमधल्या माझ्या एका शेजाऱ्याच्या आईला पन्नास वर्षं या देशात राहून हॉकी कळली नव्हती. पंजाबीत आल्यावर एका मोसमात कळली. ह्युइट यांच्या पायऱ्यांचा नियम बोनिनोच्या त्या गोलवर साफ मोडला होता. पण माझ्या कानाला ते खटकलं नाही, कारण त्याआधीची कित्येक मिनिटं हरनारायण संथ लयीत बोलत होते. तार सप्तकात जाण्याची जागा त्यांनी करून ठेवली होती.

कोल यांचा शेवटचा सामना ६ एप्रिल २०१९ रोजी झाला. मॉन्ट्रियल विरुद्ध टोरंटो, मोसमाचा शेवटचा दिवस, गुणतालिकेत काही बदलणार नाही असा. वय ८५. त्या रात्री मॉन्ट्रियलसाठी रायन पोलिंग नावाच्या पोरानं पदार्पणातच तीन गोल केले आणि वर शूटआउटमध्ये निर्णायक फटकाही त्याचाच. ६-५. निवृत्तीच्या सामन्यात समालोचकाला सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, असं सहसा होतं. इथे नवख्या मुलानं म्हाताऱ्याला शेवटच्या पायरीपर्यंत पळवलं. आवाज थोडा खरखरला, पण चढला. पुढे २४ एप्रिल २०२४ रोजी सेंट जॉन्समध्येच ते गेले. बॉस्टनच्या त्या पहिल्या रात्रीला त्या दिवशी बरोबर ५५ वर्षं झाली होती.

त्यांच्या निवृत्तीनंतरच्याच मोसमात करोना आला. २०२० च्या ऑगस्टमध्ये टोरंटो आणि एडमंटन इथे रिकाम्या स्टेडियममध्ये सामने सुरू झाले. पुढच्या मोसमात अनेक समालोचक प्रत्यक्ष बर्फाऐवजी दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत पडद्याकडे बघून बोलू लागले. खर्च वाचतो हे कळल्यावर काही ठिकाणी ती सोय कायमची झाली. पडद्यावर जेवढं दाखवतात तेवढंच आता समालोचकाला दिसतं. लांबच्या कोपऱ्यात कोण मोकळा उभा आहे, कोणता प्रशिक्षक बाकावर कुणाच्या कानाशी लागलाय, हे वर टांगलेल्या गोंडोलातून दिसायचं, आणि त्यावरूनच पुढची पायरी कधी चढायची ते ठरायचं. ऑगस्टमधल्या त्या सामन्यांत गोल झाल्यावर गप्प राहायचं ठरवलं असतं तरी ऐकवायला प्रेक्षकच नव्हते. म्हणून एनएचएलनं इए स्पोर्ट्सच्या हॉकी व्हिडिओ गेममधला गर्दीचा गलका मागवला आणि कुणीतरी बटणं दाबून तो गोलच्या वेळी वाजवत होतं. बऱ्यापैकी वेळेवर वाजवायचं, हेही सांगितलं पाहिजे.